मानशीची दारं

आमोण्याच्या खाजण शेतांचा, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या शेतांचा, सगळा भरवसा बांधातल्या मानशीवर. मानस म्हणजे मांडवीकडे उघडणारी दोन लाकडी दारं. भरतीला नदी चढली की तिच्याच रेट्यानं ती मिटतात. ओहोटीला शेतातलं पाणी त्यांना लोटून बाहेर पडतं. ही मानस राखायचं काम विठूच्या घराण्याकडे पिढीजात होतं.

नव्वदीनंतरचा एक ऑक्टोबर. भात पिवळं पडत आलेलं. रेडिओनं सांगितलं, वादळाचं केंद्र किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर आहे, मुसळधार पाऊस पडेल, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

"आयकलास मां? आजच भात कापूया," सुमंगला नवऱ्याला म्हणाली.

"ता पागेल्यांक सांगतत गो. आमी खंय दर्यात जातंव? आणि चार दिवस रवलां तर दाणो भरतलो."

विठूच्या मनात वादळ म्हणजे भोवरा. फिरतो तिथेच फिरतो. पण हे वादळ अजस्र होतं. केंद्र दूर समुद्रात राहिलं, तरी त्याच्या ढगांनी अख्खा डिचोली तालुका झाकून टाकला. पाऊस असा लागला की शेत कुठलं आणि आभाळ कुठलं, कळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी कणसांना टेकलं.

शेजारचा सगुण बांधावर भिजत उभा. "मानशेकार मरे तू? दारां उघडूक आता भटाक मुहूर्त विचारतलंस?"

ओहोटीची वेळ झाली होती, तरी दारं जेमतेम हलत होती. दरवर्षी पालापाचोळा अडकून अशीच व्हायची. विठूनं नेहमीसारखी दोर लावून ती ओढली आणि ती मिटू नयेत म्हणून मधे आडवा वासा ठोकला. पाणी भसाभस बाहेर पडू लागलं. सगुण हसला.

थोड्याच वेळात पाणी थबकलं, मग उलटं फिरलं. दर्यावरचा वारा मांडवीला मुखातूनच मागे रेटत होता. दारं पाल्यानं नव्हे, फुगलेल्या नदीनंच अडवली होती; त्या दिवशी ती उतरणारच नव्हती. खारं पाणी उघड्या दारांतून शेतात घुसलं.

विठूनं छातीभर पाण्यात उतरून वासा धरला. पाण्याच्या दाबानं तो असा आवळला होता की कोयतीचे घाव घातले तरी सुटेना. सगुणही खाली आला. दोघं ओढत राहिले. मानशीशेजारचे बांधाचे दगड एकेक करून निसटायला लागले.

"सोड विठू, बांध जाता."

"भात खंय जाता ता बघ."

सगुणनं त्याला काखेत धरून वर ओढलं, तेवढ्यात बांध मानशीसकट बसला.

पाणी ओसरल्यावर सुमंगलेनं चिखलातून एक लोंबी उपटली. दाण्यांना मोड आले होते. तिनं ती नवऱ्याच्या हातात दिली.

देवळात गाव जमला, तेव्हा कोणी विठूचं नाव घेतलं नाही. "मियांच त्याका घाई केलंय," असं सगुणनं सगळ्यांदेखत सांगितलं. शिव्या मिळाल्या असत्या तर विठूला त्या सोसल्या असत्या. नवी मानस राखायचं काम तुझ्याकडे घे, असं त्यानं सगुणला तिथेच सांगून टाकलं.

बांध घालायला घरटी माणूस गेला. विठूही गेला. मानशीच्या जागेकडे पाठ करून तो सगळा दिवस चिखलाची घमेली वाहत राहिला.