त्याईले घ्या
व्हिनेगरचा आंबूस वास आला की मला सीताबर्डीवरचं ते फोटोचं दुकान आठवतं, तिथं फोटो धुवायच्या अ‍ॅसिडचा असाच वास भरलेला असायचा. वडिलांचा खून होऊन वर्ष होत आलं होतं आणि आम्हा तिघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. आईचा माहेरचा, माझा मॅट्रिकचा आणि वडिलांचा धाकट्या काकांसोबतचा, असे तीन फोटो कापून त्यांचा एक करायचा होता. आईनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, त्या तिसऱ्या फोटोवर बोट ठेवून ती एवढंच म्हणाली, "त्याईले घ्या." फोटोग्राफरला वाटलं, त्यांना म्हणजे दोघांनाही. त्यानं काकांना वडिलांना बिलगून उभं केलं, ब्रशनं सगळे सांधे बुजवले आणि आम्ही गेलो तेव्हा कौतुकानं फ्रेम पुढे केली. "पाहा वैनी, जोड सापडते का!" आईनं फ्रेम काउंटरवर आपटली. "यानंच तं मारलं गा त्याईले! काहून उभा केला याले?" काचेचा तुकडा घेऊन ती काकांचं तोंड, छाती, पोट खरवडत सुटली, तिच्या बोटांचं रक्त फोटोभर झालं. मी तिचं मनगट धरलं तोवर काकांसोबत वडिलांचा उजवा हातही खांद्यापासून गेला होता. "हात रंगवून देतो, वैनी," फोटोग्राफर घाबरून म्हणाला. "राहू दे," आई म्हणाली, "कुऱ्हाड तिथंच पडली होती." गेल्या महिन्यात आई गेली. माझ्या मुलीनं कॉम्प्युटरवर तो हात नवा जोडून आणला आहे, सांधा कुठेच दिसत नाही. आणि मला तो फोटो भिंतीवर लावता येत नाही.