ठकीचा ताबा

कडूबाई खुर्चीवर बसत नसे. बोलताना पदर पिळायची. उत्तर देण्याआधी दाराकडे बघायची.

पंचांनी तिचा काडीमोड केला आणि तिची तीन वर्षांची लेक ठकी बापाकडे द्यायचं ठरवलं, तेव्हाही तिनं मुकाट मान हलवली. मैत्रीण वत्सलानं तिला ओढतच नगरच्या वकिलांकडे आणलं.

"रिवाजाचा काडीमोड कायद्याला चालतो," वकील म्हणाले. "पण मुलीचा ताबा कोर्ट ठरवतं, पंच नाहीत. एवढं लहान मूल सहसा आईकडेच राहतं."

"म्या मान हलवली हुती, सायेब."

"असू दे. अर्जावर अंगठा उठवा."

तिनं अंगठ्याला शाई लावली आणि थबकली.

"वत्से, सासरा आजच पोरीला न्यायला येनार हाय. पोर माज्या आईपाशी हाय, ती देऊन बसंल गं!"

ती तशीच माहेरच्या, केडगावच्या रस्त्याला धावत सुटली. अर्जावर अंगठ्याची जागा कोरीच होती.