कळसाडीच्या वाटेवर मिळालेली जागा

यजमान गेल्यानंतर माझा देवावरचा विश्वास उडाला होता. आम्ही दोघं सायकलवरून फार हिंडलो. लॉज परवडत नसे, म्हणून शाळेच्या ओसरीत, देवळाच्या आवारात तंबू ठोकायचो. गावात जाऊन जागा विचारायचं काम त्यांचं. तोरणमाळच्या डोंगरावर देवदर्शनाला जायचं ठरलं होतं, त्याआधीच हृदयविकारानं ते गेले. या हिवाळ्यात मी एकटीच निघाले. श्रद्धेनं नव्हे, घरात बसवत नव्हतं म्हणून.

पुरुषोत्तमनगर मागे पडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. उसाचे ट्रॅक्टर अंगावरून जात होते. वाटेतल्या शाळेला कुलूप होतं. पेट्रोल पंपावर विचारलं, तर एकट्या बाईची जबाबदारी कोण घेणार, असं म्हणून त्यांनी हात जोडले. कळसाडीच्या अलीकडे पूर्ण अंधारलं आणि माझा धीर सुटला. सायकल टेकवून मी रस्त्याकडेलाच रडत बसले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच मनात देवाला म्हटलं, आता तूच बघ, माझ्याच्यानं होत नाही.

थोड्या वेळानं कापसाच्या शेतापलीकडे एक उजेड दिसला. सायकल ढकलत गेले. महादेवाचं लहानसं देऊळ होतं आणि एक म्हातारी दिव्याची वात सारखी करत होती. तिनं विचारलं, “एकलीच शे का, माय?”

मी हो म्हटलं, आणि यजमान गेल्याचंही सांगितलं. तिनं सांत्वन केलं नाही. शेजारच्या आपल्या खळ्यात नेऊन तंबूला जागा दाखवली, सुनेकडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणवला. मी जेवेपर्यंत ती समोर बसून होती. मग आपणहून बोलली.

“मन्हा आंडोर गया, तवयपासून रोज दिवा लावस. त्यानी तो वापस येत नही. पन अंधारामा कोनी उनं तं देऊळ दिखाले जोयजे.”

आंडोर म्हणजे मुलगा, हे मला ठाऊक होतं; अंधारात कोणी आलं तर त्याला देऊळ दिसायला हवं, म्हणून ती दिवा लावत होती. मी तिचा हात धरला.

हा चमत्कार होता की योगायोग, मला सांगता येणार नाही. दुःख तसूभरही कमी झालेलं नाही; तोरणमाळच्या चढावर मी रडतच सायकल ढकलली. पण त्या म्हातारीनं आपल्या पोराच्या नावानं लावलेला उजेड माझ्यापर्यंत पोचला, एवढं मी जाणते. त्या मायलेकरांना मी रोज हात जोडते, आणि पुढची वाट देवावर सोपवते.