पाण्याआधी पोचलेलं पत्र

धरणाच्या कार्यालयात तिला सगळे टपालताई म्हणत. पाणी सोडायचं ठरलं की नदीकाठच्या लोकांना इशारा जायचा तो तिच्या मेल सर्व्हरमधून. सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीत घरघरणारं एक खोकं, आणि ताई म्हणजे त्या खोक्याशी रोज भांडणारी बाई. "तुझ्यापेक्षा आमचा शिपाई बरा, निदान हाक मारली की उठतो तरी!"

गेल्या वर्षी मात्र त्या खोक्यानं तिला मान खाली घालायला लावली. इशारा सकाळी निघाला आणि तिच्या धाकट्या भावाला मिळाला दुपारी, त्याच्या कच्च्या विटांचा चिखल झाल्यावर. त्याची भट्टी नदीला लागूनच, पण धरणाचा भोंगा तिथवर ऐकू येत नाही. सगळ्यांबरोबर त्यालाही पत्र मिळेलच, म्हणून तिने वेगळा फोन केला नव्हता. "अख्ख्या नदीला सावध करतेस आणि भावालाच बुडवतेस?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्यानंतर ती फोन लावायची आणि तो कापायचा. ताईच्या जिवाला ते फार लागलं.

मग ती कंबर कसून बसली आणि दोष सापडला तेव्हा तिने कपाळावर हात मारला. खोकं प्रत्येक माणसासाठी पत्राची वेगळी प्रत काढायचं, पुराच्या जडशीळ नकाशासकट. ती घेऊन समोरच्या सर्व्हरचं दार ठोठावायचं, एक प्रत द्यायचं, परत यायचं आणि पुन्हा त्याच दारात उभं! वर बंद पडलेल्या पत्त्यांपाशी तिष्ठत बसायचं, ते वेगळंच. मागची रांग तुंबणार नाही तर काय?

"अरे गाढवा, एका घरात दहा माणसं असली तर दहा हेलपाटे घालतात का?"

तिने सेटिंग बदललं. ज्यांचे पत्ते एकाच सर्व्हरवर, त्यांची नावं एकत्र सांगायची आणि पत्र एकदाच द्यायचं. उत्साहाच्या भरात तिने सगळीच नावं एका दमात दिली, तर चाचणीत समोरच्याने तोंडावर दार लावलं. इतकी नावं घेऊन येणारा जाहिरातवालाच असणार, असं त्याला वाटलं.

"अति तिथं माती," साहेब हसत म्हणाले. ताई चिडली, पण साहेबांचं खरं होतं. तिने नावांचे छोटे गट पाडले, एकदा उघडलेल्या दारातूनच गटामागून गट द्यायचे असं ठरवलं आणि बंद पत्त्यांना वेगळ्या रांगेत बसवलं. पुढच्या चाचणीत कपातला चहा निवायच्या आत सगळी पत्रं पोचली.

यंदा धरण भरलं. साहेबांनी हुकूम दिला, ताईने इशारा सोडला आणि पडद्यावर नजर लावली. रांग भराभर उतरली. भावाच्या नावापुढे 'पोचलं' असं आलं. पण पोचलं म्हणजे त्याने उघडलं, असं थोडंच? तिने फोन लावला. त्याने कापला. ती पुन्हा नंबर फिरवू लागली.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. मागे ट्रॅक्टरची घरघर आणि माणसांचा आरडाओरडा.

"विटा भरत होतो गं, म्हणून कापला. सगळा माल चढावर नेलाय, शेजारचा भट्टीवालाही हलवतोय." आणि मग वर्षभर न ऐकलेला तो खोडकर आवाज, "ताई, तुझं पत्र कधीच आलं. पाणी कुठं राहिलं?"

"येतंय की, मेल्या! तू आधी काठावरून हल!" ताई ओरडली, आणि डोळे पुसत सगळ्या कार्यालयादेखत मोठ्याने हसली.