टर्फवरचं पाणी

आमच्या गॅलरीतून हॉकीचं मैदान दिसतं. आज दुपारी पाहते तर तिथली देखभाल करणारा दत्ता नेहमीसारखा पाइप धरून निळ्या टर्फवर, त्या कृत्रिम गवतावर, पाणी मारत होता. हॉकीच्या टर्फला पाणी लागतं हे मला त्यानंच शिकवलं. कोरड्यावर पोरं घसरली की गुडघे सोलवटून निघतात म्हणे. पण सराव बंद होऊन आठवडा झालाय. आपल्या गावाच्या नावानं लीगमध्ये खेळणारा संघ त्याचा मालक दुसऱ्या शहरात नेणार अशी बोलणी चाललीत, नक्की कुणालाच माहीत नाही.

मी वरूनच ओरडले, "अरे दत्ता, कुणासाठी भिजवतोयस?"

"अजून गेले नाहीत ना काकू! उद्या सरावाला आले तर?"

खरं सांगू का, त्या संघातलं एकही पोर आपल्या गावचं नाही. कुणी पंजाबचं, कुणी ओडिशाचं. मालकाला तर कधी पाहिलंही नाही. तरी संघ जिंकला की मी शिरा करून शेजारीपाजारी वाटायची. त्यांना आपलं म्हणताना आपण कुणाची परवानगी घेतली नव्हती, आणि आता त्यांना नेताना आपल्याला कुणी विचारणार नाही.

पाणी बंद करून दत्ता गॅलरीखाली आला, तेव्हा मी विचारलं, "तिकडचे होऊन ते इथं मॅच खेळायला आले, तर आपण कुणाच्या बाजूनं ओरडायचं रे?"

पाइप गुंडाळता गुंडाळता तो थांबला.

"इथं कशाला येतील काकू? आपला संघच उरणार नाही. खेळतील कुणाशी?"