काकाच्या हयातीचा दाखला

मागच्या महिन्यात बाबांना जिवंत असल्याचा दाखला काढायला घेऊन गेले होते, नव्या पनवेलातल्या केंद्रावर. सरकारी पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हे करावंच लागतं. मशीनवर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला की वर्षभर तुम्ही जिवंत!

सोबत काका होता, बाबांचा धाकटा भाऊ. काकी गेल्यापासून विचुंब्यात एकटाच राहतो आणि बाबा जातील तिथे मागोमाग येतो.

दोघं एकाच वर्षी कामाला लागले. बाबा सरकारी कचेरीत, काका न्हावा शेव्याच्या बंदरात कंत्राटदाराकडे, जहाजावरचे कंटेनर लोखंडी दांड्यांनी बांधायला. बाबांचा पगार दर वेतन आयोगाला वाढत गेला... काकाचा कंत्राटदार बदलला की याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. पेन्शनचं तर नावच नको.

बाबांचा नंबर आला तेव्हा ते बाहेर फोनवर होते. दोघांचे चेहरे इतके सारखे, की तिथल्या बाईने काकालाच खुर्चीत बसवलं. आणि हा पठ्ठ्या गंमत म्हणून बसलासुद्धा!

अंगठा ठेवला. स्क्रीनवर नुसतं पांढरं, ठसाच उमटेना... मग दुसरं बोट, मग दुसरा हात. दहाही बोटं झाली, पांढरंच.

बाई त्याचा हात उलटसुलट करून बघत राहिली. हळूच म्हणाली, "आजोबा, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत हो."

तेवढ्यात बाबा आले, मी घोळ सांगितला. बाबांनी अंगठा टेकवला न टेकवला तोच हिरवा दिवा.

काका आपली लोखंडाने झिजलेली बोटं बघत तसाच उभा. "माझा पन बघ ना गो," तो बाईला म्हणाला. "मी जित्ता हाय का नाय ते."

"तुम्हाला पेन्शन नाही ना आजोबा? मग तुमचा दाखला कुणाला लागत नाही."

काका हसला. मला मात्र हसता आलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ऑफिसात हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं. माझीही नोकरी खाजगीच... लाल दिवा. ओढणीला बोट पुसून पुन्हा ठेवलं. परत लाल. मागे रांग, आणि मी वेड्यासारखी बोट उजेडात धरून रेषा शोधतेय! होत्या... पण पुसट.

खरं सांगते, घाबरले. तिथूनच काकाला फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला... वाजतेय, वाजतेय, वाजतेय.

"काय झाला गो? नळावर होतो."

"काही नाही रे काका. आहेस ना, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हाय गो पोरी, हाय. तुजी काकी गेल्यापासना कोनी इचारलाच नव्हता."

आता रोज सकाळी ऑफिसच्या दारात उभी राहून आधी त्याला फोन करते. दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचलतो, देवाची कृपा... त्याने "हाय" म्हटलं की मगच मशीनवर बोट ठेवते.