सगळं हिरवं, तरी दारात जावं लागलं

आज दुपारी सातवीच्या पोरांची प्रगती ॲपवर भरली. प्रत्येक अध्ययन निष्पत्तीसमोर, म्हणजे पोरांना जे जे यायला हवं त्यासमोर, हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग. बटण दाबलं की पालकांच्या मोबाईलवर हजर! मी एकदम खुश.

तेवढ्यात माझ्या वर्गातल्या पूजाची आई शाळेत आली. "मॅडम, पोरीचं समदं हिरवं आलं. पण तिचे आजोबा म्हणतेत, सातवी झाली तेवढी लई झाली, पुढं आठवीला पिशोरच्या शाळेत एसटीनं पाठवायची नाय. त्यांना मोबाईल काय दाखवू? तुम्हीच घरी येऊन सांगा."

मला आमचं अंगण आठवलं. आमचे गुरुजी निकाल घरोघरी नेऊन द्यायचे. बाजेवर बसून, बशीतला चहा पिऊन, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात वडलांना म्हणाले होते, "दादा, हिची शाळा सोडवू नका." चारचौघांत 'व्हय' म्हटल्यावर वडलांना मागं फिरता आलं नाही. म्हणून तर मी आज मॅडम आहे.

शाळा सुटल्यावर पूजाच्या घरी गेले. बाजेवर बसले आणि मुद्दाम मोठ्यानं बोलले. शेजारच्या ओट्यावरच्या गप्पा थांबल्या. आजोबांनी एकदा त्या ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एसटीचा पास कुठं काढायचा असतो?"

तुमच्या दारात असं मोठ्यानं कोण बोललं होतं?